ताई, पाच सिग्नल्सबद्दल आभार

प्रिय ताई,

समोरासमोर आभार मानले की तू विषय बदलतेस, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

ती सकाळ तुला आठवत असेल. एम.ई.च्या प्रोजेक्टचा पीएफसी बूस्ट कन्व्हर्टर (एसी विजेपासून जास्त व्होल्टेजचा डीसी देणारं आणि इनपुट करंटचा आकार नीट ठेवणारं सर्किट) मी एलटीस्पाइसवर, म्हणजे सर्किट संगणकावर चालवून बघायच्या सॉफ्टवेअरवर, रात्रभर लावून ठेवला होता. स्विचिंग 100 किलोहर्ट्झ, मेन्स, म्हणजे घरातली एसी वीज, 50 हर्ट्झ. आउटपुट व्होल्टेज सांभाळणारा व्होल्टेज लूप मुद्दामच संथ ठेवलेला, त्यामुळे आउटपुट स्थिरावायला मेन्सच्या पंधरा-वीस सायकल्स जाऊ द्याव्या लागतात. म्हणून रन सर्किटच्या घड्याळातल्या 400 मिलिसेकंदांचा, पण संगणकाला त्याला अख्खी रात्र लागायची. येऊन बघते तर काम अर्ध्यावर बंद आणि डिस्क तुडुंब. लॅपटॉपला, सॉफ्टवेअरला, नशिबाला, सगळ्यांना बोल लावून झाले आणि मी नवी हार्ड डिस्क घ्यायला निघाले. तेव्हा तू विचारलंस, "यातलं तू बघणार काय आहेस?"

मला धड सांगता येईना. मग तू वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडलास. स्टेप (हिशेबाच्या दोन बिंदूंमधला वेळ) जास्तीत जास्त 50 नॅनोसेकंद, म्हणजे 400 मिलिसेकंदांत किमान 80 लाख बिंदू. दर बिंदूला वेळेचे 8 बाइट आणि प्रत्येक सिग्नलचे 4. सगळे नोड (सर्किटमधले जोड), सगळे करंट धरून माझे 180 सिग्नल्स. एका बिंदूला 728 बाइट, एकूण 5.8 जीबीच्या आसपास. एलटीस्पाइस एरवी डेटा आवळून ठेवतो, पण एफएफटी (सिग्नलमध्ये कोणकोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत ते दाखवणारं गणित) स्वच्छ यावी म्हणून प्लॉटविनसाइझ नावाची सेटिंग शून्य करून ते आवळणं मीच बंद केलं होतं. हेही तूच हुडकलंस!

मग काय साठवायचं ते सांगणाऱ्या डॉट-सेव्ह कमांडची एक ओळ: इनपुट व्होल्टेज, इनपुट करंट, इंडक्टरचा करंट, आउटपुट व्होल्टेज, लोडचा करंट. बस. आणि रनचा वेळ ठरवणाऱ्या डॉट-ट्रान कमांडमधला तिसरा आकडा, म्हणजे साठवणं कधीपासून सुरू करायचं तो, जो मी आजवर शून्यच ठेवत आले होते, तो तू 360 मिलिसेकंद केलास. उरलेल्या 40 मध्ये मेन्सच्या बरोबर दोन सायकल्स बसतात. अर्धवट सायकल एफएफटीला दिली की नसलेले हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरी) दिसू लागतात. आता 8 लाख बिंदू, प्रत्येकी 28 बाइट. फाइल 22 एमबीची! डेटा आवळायची गरजच उरली नाही.

मला वाटलं, आता रनही झटपट उरकेल. तू हसलीस. "गणित शून्यापासूनच करावं लागतं गं, फक्त वहीत उतरवायचं नाही." खरंच, डिस्कवर लिहिण्यात जाणारा वेळ तेवढा वाचला, बाकी रात्र तशीच लागली.

एलटीस्पाइसचा पूर्वज स्पाइस 1970च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात घडला तेव्हा उत्तरं कागदावर छापून यायची, म्हणून कुठला नोड छापायचा ते आधीच सांगावं लागे, हे तूच सांगितलंस. तेव्हापासून डिस्क स्वस्त होत गेली आणि आपण आळशी, असं माझं मत. तुझं नाही, तू एवढी कडक नाहीस.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा तुझ्यापासून लपवली होती. दुसऱ्याच आठवड्यात मॉसफेटमधला (स्विचिंग करणाऱ्या ट्रान्झिस्टरमधला) लॉस, म्हणजे वाया जाणारी वीज, काढायला डॉट-मेझर या मापनाच्या कमांडची ओळ घातली आणि मॉसफेटचा करंट सेव्हच्या यादीत घालायला विसरले. डॉट-मेझर रन संपल्यावर, साठवलेल्या वेव्हफॉर्मवरून हिशेब करतो. साठवलंच नाही तर मोजणार काय? सकाळी लॉगमध्ये मापन फसल्याची ओळ आणि एक अख्खी रात्र पाण्यात. दोन दिवसांनी तुला कळलंच. रागावशील असं वाटलं होतं. तू माझी स्किमॅटिक (सर्किटच्या आकृतीची फाइल) उघडलीस, सेमिकोलन देऊन एक कॉमेंट टाइप केलीस आणि चहाला गेलीस.

एफिशियन्सीचा आकडा आला, करंटचा टीएचडी (हार्मोनिकमुळे करंट किती बिघडला त्याचं माप) आला, गाइडनी रिपोर्टवर सही केली. तू नोकरीसाठी बंगळुरूला गेलीस. ती कॉमेंट मी प्रत्येक नव्या फाइलमध्ये उचलून टाकते, रोमन लिपीतल्या तुझ्या त्या मोडक्या मराठीसकट: "आधी 2 मिलिसेकंद चालवून बघ, मग झोपायला जा."

तुझी,
लॅबमधली धाकटी

ता. क. हार्ड डिस्क शेवटी घेतलीच. फोटो ठेवायला.