मनू, शिरा असा कर

प्रिय मनू,

तुझी व्हॉइस नोट ऐकली. नवीन फ्लॅटमधे सत्यनारायण घालतीयेस म्हटल्यावर तुझी आई सकाळपासून फोनलाच चिकटलीय, सगळ्या आत्या, मावश्या, शेजारच्या काकू, सगळ्यांना सांगून झालं की आमची मनू तिकडे म्युनिकला पूजा घालतेय. गुरुजी व्हिडिओ कॉलवर, चौरंगाच्या जागी कॉफी टेबल, ते सगळं चालतं गं, त्याचं टेन्शन घेऊ नको. पण "शिरा काय, यूट्यूबवर बघून करून टाकीन" हे जे तू शेवटी म्हणालीस ना, तिथे आईने मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली लिहा. तर ती सांगतेय आणि मी टाइप करतोय, मधे मधे माझंही घालतोय कारण केळ्याचा विषय निघाला की या घरात माझं ऐकायचं असतं, जन्म गेला केळीच्या बागेत.

पहिली गोष्ट, हा शिरा नाश्त्याचा नाही, प्रसादाचा आहे, म्हणजे नैवेद्य दाखवेपर्यंत चमचा जिभेला लावायचा नाही. साखर कमी पडली का, रवा कच्चा राहिला का, चाखून बघायची सोयच नाही. म्हणून माप पक्कं पाहिजे आणि बाकीचं नाकाने, डोळ्याने आणि कालथ्याला हात किती जड लागतो त्याच्यावरून कळलं पाहिजे. यूट्यूबवाले दर दोन मिनिटांनी चाखून "वाव" करतात, त्यांचा तुला काही उपयोग नाही.

माप सव्वाचं. सव्वा वाटी बारीक रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी साजूक तूप. हो, सव्वा वाटी तूप, मला माहितीये तू आत्ता काय तोंड केलं असशील ते. एरवी नाश्त्याला करशील तेव्हा अर्धं घाल, आई काही बोलणार नाही, पण त्या दिवशी हात आखडायचा नाही असं ती म्हणतेय, आणि तसाही एकेकाच्या वाट्याला चमचा-दोन चमचेच येतो. दूध मात्र सव्वाच्या दुपटीहून थोडं जास्त लागतं, तीन वाट्या धर. केळी मध्यम आकाराची दोन. वेलची, केशर, बेदाणे, चारोळी. चारोळी तिकडे मिळाली नाही तर बदामाचे काप घाल.

आणि हे सगळं आपल्या पोथीतच लिहिलंय बरं का. पहिल्याच अध्यायात विष्णू नारदाला प्रसादाचं सामान सांगतो, केळं, तूप, दूध, गव्हाचं चूर्ण, सगळं सव्वा मापाने. पुढे असंही आहे की गव्हाचं नसेल तर तांदळाचं पीठ घ्या, साखर नाहीतर गूळ घ्या. म्हणजे सूट देवानेच देऊन ठेवलीय, त्यामुळे तिकडच्या दुकानातला रवा चालेल का हे विचारूच नको. फोटोतलं तुझं पाकीट बघितलं. हार्टवायत्सन म्हणजे पास्त्याच्या गव्हाचा रवा, तो जरा पिवळसर नि कडक असतो, त्याला अर्धी वाटी दूध जास्त लागेल. वाइखवायत्सन लिहिलेलं मिळालं तर ते आण, ते आपल्या रव्याच्या जवळचं. गूळ मात्र पोथीत असला तरी तू घालू नको, उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटायची भीती असते आणि पहिल्याच पूजेला तो उद्योग नको.

तुझ्या त्या बंगाली मैत्रिणीला बोलावलंयस ना, तिला विचार, त्यांच्याकडे याच पूजेला शिन्नी करतात, कणीक, दूध, केळं, साखर किंवा गूळ एकत्र कालवतात, गॅस पेटवायचाच नाही. सामान बघशील तर तेच, पद्धत वेगळी. तिला आपला शिरा खाऊन घरची आठवण येणार बघ.

आता केळ्याचं. तिकडच्या सुपरमार्केटात इक्वाडोरची नाहीतर कोलंबियाची केळी असणार, ती कॅव्हेंडिश. आपल्या बागेत लावतो ती ग्रँड नैन पण कॅव्हेंडिशच, त्यामुळे परकी समजू नको, रावेरची नसली तरी भाऊबंदकीतलीच आहेत. जळगावच्या केळीला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले होते, भाव काही त्याने वाढला नाही ते सोड. मुंबईकडचे लोक म्हणतात प्रसादाला वेलची केळीच पाहिजे, वास छान येतो. येत असेल. आम्ही आपल्या बागेतलीच घालतो आणि आजवर कोणी प्रसाद परत केलेला नाही.

पण ही दुकानातली केळी पिवळीधमक दिसली तरी शिऱ्याला तयार नसतात. केळं हिरवं असताना त्यात वीस टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो, पिकता पिकता त्याची साखर होते आणि शेवटी स्टार्च जेमतेम एक-दोन टक्के उरतो. ते व्हायच्या आधीच तू केळं कढईत टाकलंस तर ते विरघळत नाही, रबरासारखे तुकडे राहतात आणि तोंडात तुरट लागतं. म्हणून पूजेच्या चार-पाच दिवस आधी आण, कागदी पिशवीत एका सफरचंदासोबत घालून ठेव, सफरचंदातून इथिलीन निघतं त्याने लवकर पिकतात. आमच्याकडे व्यापारी रायपनिंग चेंबरमधे हाच गॅस सोडतात. सालीवर तपकिरी ठिपके आले, देठाजवळ हिरवं राहिलं नाही, सोलताना साल अलगद सुटली, की झालं. आणि कृपा करून फ्रिजमधे टाकू नको, तेरा डिग्रीच्या खाली केळ्याला थंडी बाधते, साल काळी पडते आणि कच्चं असेल तर मग धड पिकतच नाही. इथून मुंबईला जाणारे कंटेनरसुद्धा तेरा-चौदा डिग्रीलाच लावलेले असतात, उगीच नाही.

तूप घरीच कढव, बिनमिठाच्या लोण्याची दोन पाकिटं आण म्हणजे दिव्याला पण होईल. खारं बटर चुकूनही आणू नको. बेरी खाली बसून गुलाबी झाली की लगेच गाळ, जळकं तूप कितीही वेलची घातली तरी लपत नाही.

आता आई काय करते ते सांगतो, मी कित्येक वेळा शेजारी उभा राहून बघितलंय. एका शेगडीवर दूध केशर घालून उकळत ठेवते, दुसरीवर जाड बुडाची कढई. तूप पातळ झालं की रवा घालते आणि गॅस बारीक. सुरुवातीला रवा तूप पिऊन बसतो, ओल्या वाळूसारखा जड लागतो, हात दुखतो. इथे माणूस कंटाळून गॅस मोठा करतो आणि तिथेच घात होतो, वरून लाल आणि आतून कच्चा. बारीक गॅसवर बारा-पंधरा मिनिटं हलवत राहिलं की रवा एकदम हलका होतो, तूप सुटून कडेने फेस यायला लागतो, कालथा आपोआप फिरतो आणि वास हॉलपर्यंत जातो. रंग बदामी, त्याच्या पुढे नाही. मग केळ्याच्या चकत्या त्या गरम रव्यात टाकते. चर्र आवाज होतो, चकत्या आधी कडेने सोनेरी होतात, मग मऊ पडून रव्यात मोडायला लागतात, दोन-तीन मिनिटं. काही बायका केळं कुस्करून दुधात घालतात, तुझी आजी पण तसंच करायची, पण आईचं म्हणणं की तुपात परतलं नाही तर केळ्याला कच्चट वास राहतो आणि शिरा नंतर काळपट पडतो. या विषयावर सासू-सुनेचं कधी एकमत झालं नाही. मी दोन्हींचा खाल्लाय, आईचा चांगला लागतो, आता सांगायला हरकत नाही.

मग उकळतं दूध. गारही नाही आणि कोमटही नाही, उकळतंच पाहिजे, नाहीतर गुठळ्या. थोडं थोडं घाल, तोंड लांब ठेव कारण ते जोरात उसळतं. हलव, झाकण ठेव, चार-पाच मिनिटं वाफ येऊ दे. तुझी ती काळी काचेची शेगडी आहे ना, ती बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते, तेव्हा खाली लागतंय असं वाटलं तर बटण फिरवत बसू नको, कढईच उचलून बाजूला घे.

साखर सगळ्यात शेवटी. रव्याचा दाणा दोन बोटांत दाबून बघ (बघ म्हणजे दाबून बघ, तोंडात टाकायचा नाही!), पूर्ण मऊ झाला असेल तरच साखर घाल, कारण साखर पडली की रवा पुढे फुलत नाही, जसा असेल तसाच राहतो. साखर घातल्यावर सगळं एकदम पातळ होतं, तेव्हा घाबरून वर रवा टाकू नको. हलवत राहा, पुन्हा झाकण, गोळा होऊन कढईच्या कडा सुटल्या आणि कडेला तूप चमकलं की उतरव. वेलची आणि बाकीचं त्यानंतर.

तुळस तिकडे मिळत नाही म्हणालीस. ती पास्त्यावर टाकतात ती बेसिल ठेवू का असं पण विचारलंयस, आई नको म्हणतेय, मी म्हणतो तीही तुळशीच्याच घराण्यातली आहे. तुझ्या गुरुजींना विचार, आमच्यात भांडण लावू नको.

आणि प्रसाद घेतल्याशिवाय कोणाला सोडू नको. चौथ्या अध्यायातली कलावती, नवरा आला म्हणून प्रसाद टाकून धावत सुटली आणि त्याची नावच बुडाली. जर्मन मंडळी घाईची असतात म्हणतेस, तर डिस्पोझेबल वाट्या आधीच भरून ठेव, दारातच हातात दे.

नैवेद्याच्या वाटीचा फोटो पाठव. कडेला तूप सुटलंय का ते आईला झूम करून बघायचंय.

तुझे,
बाबा

ता. क. उरला तर दुसऱ्या दिवशी तो दगड झालेला असेल, तूप गोठतं. वर दोन चमचे दूध शिंपडून झाकण ठेवून गरम कर, मायक्रोवेव्हला नुसता टाकू नको. आणि जास्तीची केळी उरली तर शिकरण कर, पोळीशी खा, फक्त करून ठेवू नको, पाणी सुटतं. केळं आणि दूध विरुद्ध आहार आहे असं वैद्य सांगतात, आई पण मान डोलावते आणि दर रविवारी शिकरण करते.