नाना, तुम्ही तो फोन उचललात त्याबद्दल

आदरणीय नाना,
सा. न.

घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही ‘राहू द्या हो’ म्हणत विषय बदलला असता. म्हणून हे जाहीर पत्र.

अमळनेर, चोपडा, पारोळा या पट्ट्यातली पोरं डिप्लोमा-डिग्री झाली की चाकण-हिंजवडीला जातात, नाहीतर सुरतेची गाडी धरतात. त्यातली काही दिवाळी-आखाजीलाही घरी यायचं टाळायला लागतात. विचारलं तर सुट्टी नाही म्हणतात. खरं कारण असतं थकलेलं कर्ज, आणि ते कळतं तुमच्या ओट्यावर, जिथं तुम्ही अशा पोरांना कर्जातून बाहेर पडायची वाट दाखवता.

त्या संध्याकाळी समोर बसलेल्या पोराचा मोबाइल सारखा थरथरत होता. त्यानं तो उलटा ठेवून वर हात दाबून धरला होता. “कोण आहे रे भो?” तुम्ही विचारलंत. तो बोलेना. तुम्ही त्याला विचारूनच फोन घेतलात आणि स्पीकर लावलात. पलीकडून पहिलाच शब्द शिवीचा. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंत आणि एक पट्टीही आवाज न चढवता म्हणालात, “सात वाजून वीस मिनिटं झालीत. वसुलीचा फोन सकाळी आठ ते संध्याकाळी सात एवढ्यातच करायचा. तुमचं नाव, एजन्सीचं नाव सांगा आणि कंपनीचं अधिकारपत्र पाठवा. पैसे हा देणार आहे. बोलणं उद्या आठनंतर.” फोन कट झाला.

हा नियम रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये घालून दिला. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना फोन करून बदनामी, हेही बंद आहे. वाचलेलं पुष्कळांनी असेल. पण त्या पोरासमोर, त्याच्याच फोनवर, तो नियम वापरून दाखवणारे तुम्ही पहिले. त्यानंतर त्यानं बॅगेच्या आतल्या कप्प्यातून आणखी दोन ॲपच्या कर्जांचे कागद काढले. तोवर त्यानं निम्मंच सांगितलं होतं. निम्म्या कागदांवर केलेला हिशोब महिनाभरही टिकला नसता, म्हणून त्या एका फोनचं मोल मला सगळ्यात मोठं वाटतं.

आधी ज्यांच्याकडे तो गेला त्यांच्याबद्दलही लिहायलाच हवं. बँकेच्या एका शाखेत ‘सिबिल खराब आहे’, म्हणजे कर्जफेडीची नोंद वाईट आहे, एवढं सांगून त्याला परत पाठवलं. कर्ज का नाकारलं याची मुख्य कारणं लेखी द्यावीत, असं रिझर्व्ह बँकेची आचारसंहिता सांगते. कागद सोडाच, त्याच्याकडे मान वर करून कुणी पाहिलंही नाही. एकानं पाच हजार घेऊन ‘आठ दिवसांत सिबिल साफ करून देतो’ म्हटलं आणि मग फोन बंद केला. खरी नोंद पैसे देऊन कुणीही पुसू शकत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायला एक पैसाही लागत नाही.

तुम्ही त्याच्या कर्जनोंदींचा रिपोर्ट तुमच्याच प्रिंटरवर काढलात. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जनोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्यानं स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, कमी होत नाही. कमी होतो तो घाबरून एकाच आठवड्यात दहा ठिकाणी अर्ज केल्यानं. मग पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचलीत. एक ट्रॅक्टरचं कर्ज त्याचं नव्हतंच. पाटील, महाजन, चौधरी ही आडनावं आपल्याकडे ढिगानं, त्यात बापाचं नावही जुळलं की दुसऱ्याचं खातं येऊन चिकटतं. ऑनलाइन तक्रार टाकली. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तक्रारीचा नंबर तुम्ही त्याला वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावलात.

त्याचा पहिला हप्ता चुकला त्याचं कारण किती साधं होतं! पगाराचं खातं पुण्याला नवं उघडलं, पण मोबाइलच्या हप्त्याचा ऑटोडेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप होणारी कपात, गावाकडच्या खात्यावरच राहिला. तिथं शिल्लक नाही, पाच तारखेला बाउन्स. बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा वेगळा, आणि मेसेज जुन्या सिमवर. घर सोडणाऱ्या पोरांचं पाऊल बहुतेक इथंच घसरतं. उधळपट्टीचा आळ मात्र लगेच येतो.

क्रेडिट कार्डाचं गणित तुम्ही कॅलेंडरच्या मागं मांडलंत. बाकी तीस हजार, व्याज महिना साडेतीन टक्के धरलं तर १,०५० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी १८९. एकूण १,२३९. पाच टक्के ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे किमान भरायची रक्कम, म्हणून १,५०० भरले, तर कर्ज उतरतं फक्त २६१ रुपयांनी. शिवाय बाकी पुढं गेली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. आकडा पाहून पोरगा गप्प झाला. तुम्ही मात्र ‘कशाला घेतलं होतं कार्ड?’ असं एकदाही विचारलं नाहीत.

क्रम लावलात तोही जाणत्याचा. ज्या खात्याला साठ-सत्तर दिवस झालेत ते आधी, कारण नव्वद ओलांडले की ते एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडण्याच्या वाटेवरचं कर्ज. त्यानंतर कार्ड. शैक्षणिक कर्जाचा हप्ता कधीच मागं पडू द्यायचा नाही, कारण त्यात वडील सहकर्जदार आहेत आणि थकलेले दिवस त्यांच्याही रिपोर्टवर उमटतात. कपाशीवर घर चालवणाऱ्या माणसाला हा फटका कुठं बसतो, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

वसुलीवाला ‘अर्ध्यात मिटवू’ म्हणत होता. अशा वेळी रिपोर्टवर खातं ‘क्लोज्ड’ न होता ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेलं, म्हणून राहतं आणि पुढं घरकर्जाच्या वेळी आडवं येतं. तुम्ही कंपनीला पत्र लिहून पूर्ण रकमेचे हप्ते मागितलेत. पैसे कंपनीच्या खात्यातच, एजंटच्या यूपीआयवर एक रुपया नाही. शेवटी नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, घ्यायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा बघायचा. कंपनीनं तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्यासाठीचा १४४४८ हा नंबर आता आमच्या वर्गातल्या फळ्यावर आहे.

सगळं फिटल्यावर पंधरा हजारांची एफडी ठेवून त्यावरचं कार्ड घ्यायचं, महिन्याला रिचार्ज आणि गॅस एवढंच त्यावर करायचं, आणि पूर्ण बिल मुदतीआधी भरायचं. रिपोर्टात छत्तीस महिन्यांचे चौकोन दिसतात. हप्ता वेळेवर गेला की ते एक-एक करून शून्यांनी, म्हणजे ‘उशीर शून्य दिवस’ अशा नोंदीनं, भरत जातात. त्याला दुसरा उपाय नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. खोटा दिलासा दिला नाहीत, याबद्दलही आभार.

नाना, कर्जात बुडालेल्या पोराशी चांगल्या शब्दांत बोलणारी माणसं आपल्या खान्देशात आहेत. ती बँकेच्या काउंटरमागंही असायला हवीत, इतकंच माझं मागणं आहे.

येत्या जूनला नवी बॅच गाव सोडेल. या वेळी त्यांना जायच्या आधीच तुमच्याकडे पाठवतो. ऑटोडेबिट कुठल्या खात्यावर आहे आणि बँकेत मोबाइल नंबर कोणता दिलाय, एवढं तरी तपासून द्या. फी तुम्ही घेत नाही, ते माहीत आहे. प्रिंटरच्या शाईचे आणि कागदाचे पैसे मात्र आम्ही शिक्षक भरणार आहोत. त्याला नाही म्हणू नका.

आपला,
वाणिज्य शाखेचा एक शिक्षक
अमळनेर