टाकी आज, मासे महिन्यानं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा संपत आल्यात, आता घरोघरी पोरांचा फिशटँकचा हट्ट सुरू होणार, म्हणून आत्ताच लिहितोय. मागच्या एप्रिलमध्ये मीपण पोराच्या हट्टापायी एका दुकानातून दोन फुटी टाकी, निळे खडे, प्लॅस्टिकची झाडं, फिल्टर आणि बारा मासे असं सगळं एकाच संध्याकाळी रिक्षात घालून घरी आणलं. तिसऱ्या दिवशी दोन मासे वर तरंगले, पोरगं रडायला लागलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणला पाणी बदला. बदला म्हणायला काय जातंय, सोलापुरात नळ चार-पाच दिवसाआड, घागरी मोजून पाणी वापरायची सवय आपल्याला, तरी बदललं, सगळंच्या सगळं, आणि वर हुशारी म्हणून फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला. आठवड्यात बारातला एक उरला, तो काचेला चिकटणारा सकर.

नंतर चार माहितगार लोकांना विचारल्यावर कळलं की पाणी चांगलं स्वच्छ होतं, पण कोरं होतं, तीच खरी गोम. माशाच्या कल्ल्यांतून आणि घाणीतून अमोनिया सुटतो, तो विषारी. एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते थोडंफार असलं तर मासे सोसतात आणि झाडं खातात. हे बॅक्टेरिया स्पंजात, खड्यांवर वस्ती करतात आणि ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. मी क्लोरीनच्या पाण्यानं धुऊन जी काही चार जमली होती तीपण मारली. विरजण लागायच्या आत पातेलं घासून ठेवल्यासारखं झालं बघा.

गणपतीनंतर परत टाकी मांडली, ह्यावेळी फक्त झाडं घालून, आणि सकर तोवर बादलीत, हवेचा पंप लावून. टाकी २४×१२×१२ इंच, पाणी साधारण ५५ लिटर, काच-वाळू धरून सत्तर किलोच्या आसपास वजन होतं, त्यामुळं टीव्हीच्या डुगडुगत्या स्टँडवर नको, खाली थर्माकोलची शीट पाहिजे. निळे खडे काढून धुतलेली वाळू घातली. दगड घालायचा असला तर लिंबू पिळून बघायचं, फेस आला की त्यात चुना आहे, पाणी आणखी जड होणार, आणि आपलं बोअरचं पाणी आधीच किती जड असतं ते गिझरवाल्याला विचारा. आपला काळा दगड चालतो.

झाडांत जावा फर्न आणि अ‍ॅनुबियास ही दोन सोपी, फक्त त्यांचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, दगडाला दोऱ्यानं बांधायचं. मी पुरलं होतं, कुजलं. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरियाच्या लांब पट्ट्या लावल्या, ती वाळूतच लावतात. लाइट सहा-सात तास बास, मी कौतुकानं बारा तास ठेवला तर काच हिरवीगार झाली. आणि एका मित्राच्या जुन्या टाकीतल्या स्पंजाचा तुकडा मागून आणला, म्हणजे शेजारून विरजण आणल्यासारखंच. मासे नसतानाही चिमूटभर खाणं टाकत राहिलो, ते कुजून अमोनिया सुटतो आणि त्यावर बॅक्टेरिया वाढतात, दुसऱ्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं, घाबरून उपसणार होतो पण मित्र म्हणला हात लावू नको, आपोआप निवळलं. महिन्याभरानं किटनं टेस्ट केली, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, मग तीन गप्पी सोडल्या. गप्पी, मॉलीला जड पाणी मानवतं. निऑन टेट्रा दिसतो झकास पण त्याला मऊ आणि गार पाणी लागतं, आपल्याकडं कुठलं गार.

पाण्याचं म्हणाल तर झाडं असल्यामुळं आठवड्याला एक बादली बदलली की भागतं, आणि काढलेलं पाणी तुळशीला, वाया काही जात नाही. नळाचं पाणी मात्र अँटिक्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय घालायचं नाही, आणि दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं तर नाहीच, मे महिन्यात त्यात भात शिजेल.

उन्हाळा हीच आपली खरी परीक्षा. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम तर ३० ला साडेसात, आणि त्याच वेळी अमोनिया जास्त जहाल होतो. झाकण काढून पाण्यावर टेबलफॅन लावला की दोन-तीन अंश उतरतात, आटलेलं पाणी भरत राहायचं. हवेचा पंप रात्रीसुद्धा चालू ठेवायचा कारण अंधारात झाडंपण ऑक्सिजनच ओढतात.

आता त्या सकरची गोष्ट. हा टिकला कारण तो वर येऊन हवा गिळू शकतो. दुकानात 'टाकी साफ करणारा मासा' म्हणून दोन बोटांएवढा देतात, तो दीड फुटापर्यंत वाढतो हे कुणी सांगत नाही. माझा वीतभर झाल्यावर एकानं सल्ला दिला, सिद्धेश्वर तलावात सोड, पुण्य लागेल. अहो कसलं पुण्य, मूळ दक्षिण अमेरिकेचा हा मासा अशाच सोडासोडीतून उजनीत पोचला असणार, त्याच्या काटेरी अंगानं कोळ्यांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोण विचारत नाही. कंबर तलावातली जलपर्णी आपण बघतोच, तीपण तिकडचीच. टाकीतली छाटलेली झाडंसुद्धा तलावात टाकू नका, वाळवून कुंडीत घाला. माझा सकर एका मोठ्या टाकीवाल्याकडं दिला.

दुकानदारांना एवढीच विनंती आहे, टाकी आणि मासे एका दिवशी विकू नका. पहिल्या दिवशी टाकी, वाळू, झाडं, फिल्टर द्या आणि गिऱ्हाइकाला महिन्यानं बोलवा, गिऱ्हाईक परत येतंय म्हणजे धंदापण दोनदा होतोय की. काउंटरवर तसा बोर्ड लावायला कोण तयार असेल तर रंगाचा खर्च मी देतो.

आपला एक वाचक,
जुळे सोलापूर