एका अर्जाची नस्ती

मेलबर्न

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

अभिलेख-व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात नेमके काय शिकवतात आणि जुनी कागदपत्रे चाळायला इतक्या दूर जायची काय गरज होती, असे तुम्ही गेल्या पत्रात विचारले होते. तहसील कार्यालयात उभी नोकरी आवक-जावक सांभाळण्यात घालवलेल्या माणसाला दफ्तराचे महत्त्व मी काय सांगणार? पण या सत्रात हाती घेतलेला विषय मात्र सविस्तर लिहावासा वाटतो, कारण त्यातले निम्मे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक नीट कळेल. इथल्या मूलनिवासींनी, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांनी, आपल्या हक्कांसाठी ज्या संस्था काढल्या आणि जे अर्ज केले, त्यांचे कागद आज कुठे आणि कोणाच्या ताब्यात आहेत, असा तो विषय आहे.

सुरुवात विल्यम कूपर यांच्यापासून करते. योर्ता योर्ता समाजाचे हे गृहस्थ सत्तरी ओलांडल्यावर मेलबर्नच्या फुट्सक्रे उपनगरात राहायला आले, कारण सरकारी वस्तीत राहणाऱ्या मूलनिवासीला म्हातारपणीचे निवृत्तिवेतन मिळत नसे. तिथे त्यांनी ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनीज लीग उभी केली, तिचे सचिवपद सांभाळले आणि राजा पाचव्या जॉर्जच्या नावाने एका अर्जावर १,८१४ सह्या गोळा केल्या. आमचा वंश नष्ट होण्यापासून वाचवा, आमचे जिणे सुधारा आणि संसदेत आमचा प्रतिनिधी घ्या, एवढेच मागणे होते. १९३७ मध्ये अर्ज सरकारच्या हाती गेला तेव्हा ज्याच्या नावाने तो लिहिला होता तो राजा वारलेला होता, आणि १९३८ मध्ये मंत्रिमंडळाने अर्ज लंडनला पाठवायचाच नाही असे ठरवले. पाठवून काही साधणार नाही, असा खात्याचा अभिप्राय होता. आबा, तुम्ही अशा किती नस्त्या पाहिल्या असतील! खालून विनंती, मध्ये टिपणी, वर शेरा आणि मग कायमचे मौन. गंमत अशी की, कूपर यांची पत्रे आज वाचायला मिळतात ती बऱ्याच अंशी याच मौनामुळे. उत्तर द्यायचे नव्हते तरी कागद फायलीला लावायची शिस्त कारकुनांनी मोडली नाही.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट यात आहे. कूपर आणि त्यांच्या पुढच्या पिढीतले अनेक कार्यकर्ते ज्यांच्याकडे लिहा-वाचायला शिकले ते थॉमस शॅड्राक जेम्स हे मॉरिशसमध्ये जन्मलेले, भारतीय वंशाचे शिक्षक होते. मरी नदीकाठच्या मलोगा आणि कमरागुंजा या वस्त्यांवर त्यांनी अनेक वर्षे शाळा चालवली आणि कूपर यांच्या बहिणीशी लग्न केले. फुटबॉलपटू, पुढे पाद्री आणि १९७६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झालेले डग निकोल्स हेही त्याच शाळेतले. अर्जाची भाषा, मागणीची मांडणी आणि नकार आला तरी पुन्हा लिहिण्याची चिकाटी यांचे मूळ त्या फळ्यापाशी शोधता येईल, असे मला वाटते.

सरकारी दफ्तरात नसलेले कागद टिकले ते कोणीतरी घरात जपले म्हणून. १९५१ मध्ये मेलबर्नला स्थापन झालेल्या कौन्सिल फॉर ॲबोरिजिनल राइट्स या संस्थेच्या सचिव शर्ली अँड्र्यूज या व्यवसायाने जीवरसायनशास्त्रज्ञ आणि स्वतः गोऱ्या समाजातल्या. या संस्थेचा पत्रव्यवहार आज व्हिक्टोरिया राज्य ग्रंथालयात खोक्यांत लावलेला आहे. त्या काळच्या मोहिमेतला एक तक्ता माझ्या विशेष लक्षात राहिला. आडव्या ओळीत राज्ये आणि उभ्या ओळीत प्रश्न: मूलनिवासीला मनाप्रमाणे लग्न करता येते का, स्वतःच्या मुलांवर त्याचा ताबा आहे का, हवे तिथे जाता येते का, मालमत्ता बाळगता येते का, ठरलेली मजुरी मिळते का. प्रत्येक चौकटीत फक्त 'होय' किंवा 'नाही', आणि क्वीन्सलंडच्या वाट्याला वरपासून खालपर्यंत 'नाही'. भाषणांनी जे कळले नसते ते या एका पानाने कळते.

अशाच मोहिमांतून २७ मे १९६७ चे सार्वमत झाले आणि ९०.७७ टक्के लोकांनी राज्यघटनेतील दुरुस्तीच्या बाजूने कौल दिला. मूलनिवासींना मताधिकार त्या दिवशी मिळाला असे इथले पुष्कळ लोक आजही सांगतात, ते बरोबर नाही. राष्ट्रीय निवडणुकीतला मताधिकार १९६२ मध्येच मिळाला होता. सार्वमताने मूलनिवासींना जनगणनेतून वगळणारे कलम गेले आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला.

काही कागद मात्र वेगळ्याच कारणाने टिकले. गुप्तचर खात्याने या कार्यकर्त्यांवर पाळत ठेवली होती, आणि त्या फायली ठरावीक मुदतीनंतर राष्ट्रीय अभिलेखागारात पाहायला मिळतात, काही ओळी काळ्या करून. सभेला कोण आले आणि कोण काय बोलले, हे संस्थेच्या इतिवृत्तात नसले तरी हेराच्या अहवालात सापडते. अशा अहवालावर विसंबावे का, यावर आमच्या वर्गात बराच वाद झाला. माझे मत असे की, उपस्थितीपुरते विसंबावे, हेतूबद्दल अजिबात नाही. मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या सरकारी खात्यांच्या नोंदींचेही तसेच आहे: ज्या कागदांनी घरे मोडली, तेच आज दुरावलेल्या माणसांना आपले घर शोधायला लागतात.

म्हणूनच आता कागद स्वतःकडे ठेवण्याचा आग्रह वाढला आहे. कार्यकर्ते गॅरी फोली यांनी १९७० च्या दशकापासूनची पत्रके, भित्तिपत्रके, कात्रणे जमवत आणलेला संग्रह आज व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या फुट्सक्रे येथील ॲबोरिजिनल हिस्टरी आर्काइव्हमध्ये आहे. सिडनीतल्या रेडफर्न उपनगरातली मूलनिवासींची कायदेविषयक मदत संस्था १९७० ची आणि तिथलेच आरोग्य केंद्र १९७१ चे. अशा संस्थांची हजेरीपत्रके आणि ठराव हेसुद्धा चळवळीचेच कागद आहेत, हे मला इथे आल्यावर उमगले. अनेक संग्रहांत फाइल उघडण्यापूर्वी सूचना असते की आत मृत व्यक्तींची नावे किंवा छायाचित्रे असू शकतात, आणि काही कागद संबंधित समाजाच्या संमतीशिवाय दाखवत नाहीत. सुरुवातीला मला ही अडवणूक वाटली होती. आता तसे वाटत नाही.

माझ्या निबंधासाठी तुमची मदत हवी आहे. आपल्याकडे अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करून प्रत्येकाची जतनाची मुदत ठरवतात, एवढे मला ठाऊक आहे. पण मोर्चाने येऊन दिलेले आणि पुढे नामंजूर झालेले निवेदन तुम्ही प्रत्यक्षात कोणत्या वर्गात टाकत होता, आणि मुदत संपल्यावर ते खरोखर नष्ट होत असे की गठ्ठ्यातच पडून राहत असे? आठवेल तसे, पण जरा सविस्तर लिहा. आईला नमस्कार, आणि चि. ओंकारला आशीर्वाद.

तुमची,
सुनंदा