ह्यूस्टनच्या काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठे येऊ नये असं तुम्ही सांगितलंत, म्हणून या पत्रात ते नाही. आभार मानू नका असंही म्हणालात, ते मात्र मी ऐकणार नाही. तुम्ही नाशिकहून गेल्यापासून आईच्या बोलण्यात रोज तुमचा विषय निघतो आणि माझ्याही मनातून ती दुपार अजून गेलेली नाही. घरगुती पत्र लिहूनही भागलं असतं. पण अण्णांच्या फायलीपायी आमचा अपमान झाला तो चारचौघांत झाला. मग तुमचा चांगुलपणाही चारचौघांतच सांगायला हवा.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. तुम्ही ह्यूस्टनचे, सह्या खऱ्या की खोट्या हे पारखणारे जाणकार. माझे वडील, अण्णा, ओझरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात मिग लढाऊ विमानांच्या हँगरमध्ये कामाला होते. सह्या असलेले फोटो जमवायचा नाद त्यांना शाळेपासूनचा. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये, चंद्रावर जाऊन आल्याला तीन महिने झाले होते तेव्हा, आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगाच्या दौऱ्यात मुंबईला आले. निफाड तालुक्यातल्या शाळकरी पोराला मुंबईला कोण नेणार? अण्णांनी इंग्रजीच्या मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं आणि ह्यूस्टनला नासाकडे धाडलं. बऱ्याच महिन्यांनी एक मोठं पाकीट आलं. आत पांढऱ्या अंतराळपोशाखातले आर्मस्ट्राँग, पाठीमागे चंद्र आणि फोटोवर सही. पोस्टमनने ते पाकीट शाळेत आणून दिलं होतं आणि मास्तरांनी ते सगळ्या वर्गांतून फिरवलं होतं, हे अण्णा आम्हाला इतक्यांदा सांगत की आम्ही पुढचं वाक्य आधीच म्हणायचो.

त्या फोटोपासून फाईल सुरू झाली. पुढे तीत राकेश शर्मा आले, त्यांच्या जागी राखीव म्हणून तयार ठेवलेले रवीश मल्होत्रा आले, शर्मा ज्यातून गेले त्या सोयुझ टी-११ यानातले रशियन आले. शर्मा तर हवाई दलातून निवृत्त झाल्यावर १९८७ पासून १९९२ पर्यंत आमच्या ओझरलाच मुख्य चाचणी वैमानिक होते. अंतराळात जाऊन आलेला माणूस आपण जोडलेलं विमान पहिल्यांदा आकाशात नेतो, या गोष्टीचा अण्णांना केवढा अभिमान होता ते शब्दांत सांगता येणार नाही.

अण्णा गेल्यावर आईने ठरवलं की फाईल त्यांच्या शाळेला द्यायची. तिची अट एकच होती: पोरांसमोर जे लावायचं ते खरं असलं पाहिजे. खोट्या सहीखाली अण्णांचं नाव नको. म्हणून मी खात्री करून घ्यायला निघाले.

जुन्या सह्या-फोटोंच्या मुंबईतल्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडे आधी गेलो. आई बरोबर होती, तिला कोणी बस म्हटलं नाही. त्या गृहस्थांनी फायलीच्या खिशांतून एकेक फोटो ओढून काढला, बोटं चंद्रावर ठेवली आणि पाठीमागे बॉलपेनने आपला नंबर दाबून लिहिला. त्याचा वळ आज फोटोच्या दर्शनी बाजूला दिसतो. पन्नास वर्षं अण्णांनी ज्याला धूळ लागू दिली नाही त्याच्यावर! मल्होत्रांचा फोटो त्यांनी बाजूला सारला. ‘हे तर अंतराळात गेलेच नाहीत, यांची सही कोण विचारतो?’ असं सगळ्यांदेखत म्हणाले. शेजारी उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसली.

त्यानंतर पैसे घेऊन प्रमाणपत्र देणारे भेटले. त्यांनी फोनवर काढलेलं छायाचित्र मागितलं, फी घेतली आणि चकचकीत होलोग्राम लावलेला कागद पाठवला: ‘आर्मस्ट्राँग यांनी स्वहस्ते केलेली अस्सल सही.’ फोटोची मागची बाजू त्यांनी पाहिली नाही. फोटो कुठून आला, हे विचारलं नाही. आई बिचारी हरखली. तो कागद तिने देवघराशेजारी लावला, नातेवाइकांना दाखवला. व्यापाऱ्याने निदान तोंडावर तरी दुखावलं होतं. ह्यांनी माझ्या आईला खोटा आनंद विकला आणि त्याची पावतीही दिली. त्यांच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, उतरावा असं वाटतही नाही.

तुमच्यापर्यंत कशी पोचले ते सांगत बसत नाही. ओळखीतून ओळख निघाली. तुम्ही हिवाळ्यात पुण्याला भावाकडे येणार होतात. फाईल घेऊन मीच पुण्याला येते म्हटलं, तर ‘असल्या वस्तू एसटीतून हिंडवू नका, मीच येतो’ म्हणालात.

आणि मग ती दुपार. तुम्ही आलात, पाणी घेतलंत, हात धुऊन कोरडे केलेत. मी फाईल आणून तुमच्यासमोर टेबलावर ठेवली. नाडीची गाठ तुमच्या हाताशी होती. तुम्ही ती सोडली नाहीत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्याकडे वळून तुम्ही म्हणालात, ‘वहिनी, उघडू का?’

काका, तुम्हाला कदाचित हे आठवतही नसेल. अण्णा गेल्यापासून त्या फायलीबद्दल आईला कोणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही, कारण फाईल घरचीच, विचारायचं काय? तिने पदराला हात पुसले, पुढे आली, पण ‘हो’ म्हणाली नाही. तिला बोलताच येईना. तुम्ही थांबलात. चहा गार होत होता, तुम्हाला संध्याकाळी पुण्याला परतायचं होतं, तरी तुम्ही हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिलात. मग आई तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि तिने स्वतः गाठ सोडली. अण्णांची गाठ होती ती, दुहेरी. ती सोडताना आई रडली आणि रडता रडताच एकेक फोटो कुठून आला ते सांगू लागली. तुम्ही वहीत लिहून घेत होतात. मुंबईत जिला कोणी बस म्हटलं नव्हतं, ती माझी आई त्या टेबलाशी दोन तास बोलत होती आणि अमेरिकेहून आलेला जाणकार माणूस तिचं बोलणं टिपून घेत होता.

सह्या खऱ्या की खोट्या हे नंतर कळलं. पण त्या तीन शब्दांनी आईला तिचं घर परत मिळालं, असं मला वाटतं.

आर्मस्ट्राँगच्या फोटोपाशी आलात तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी पाकीट मागितलंत. ते मागणारे तुम्ही पहिलेच! आईने ट्रंकेतून काढून दिलं. ह्यूस्टनचा शिक्का, नासाचा छापील पत्ता, त्यावर अण्णांचं नाव, सगळं जागेवर होतं. मग भिंगातून सही पाहिलीत, मलाही दाखवलीत. शाई खरी, पेन खरं. पण रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, बालवाडीतल्या पोराने गिरवल्यासारखी जपून काढलेली, आणि जिथे पेन टेकलं व उचललं गेलं तिथे बारीक ठिपके. माणूस सही करतो तेव्हा हात धावतो, वळणावर दाब कमी-जास्त होतो, शेवटचं अक्षर सुटून जातं, हे तुम्ही मला स्वतःची सही पाच-सहा वेळा करायला लावून समजावलंत. माझ्या दोन सह्या एकमेकींशी जुळल्या नाहीत. नंतर तुम्ही बरोबर आणलेला पारदर्शक कागद काढलात. त्यावर आर्मस्ट्राँगच्या ऑटोपेनचे, म्हणजे सही करणाऱ्या यंत्राचे, माहीत असलेले साचे छापले होते. तो तुम्ही आईच्या हातात दिलात. तिने तो फोटोवर सरकवत नेला आणि एका साच्यापाशी सगळी वळणं एकावर एक बसली. तिला कोणी काही सांगावं लागलं नाही.

मग तुम्ही जे सांगितलंत ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण अशी पाकिटं घरात असलेली आणखी कुटुंबं असतील. त्या काळी अंतराळवीरांच्या नावे पत्रांची पोतीच्या पोती येत. प्रत्येकाला हाताने सही करून पाठवणं अशक्य होतं, म्हणून खरं पेन धरून साच्याबरहुकूम सही करणारं यंत्र ठेवलेलं होतं. आर्मस्ट्राँगचे असे साचे एकाहून जास्त आहेत. पुढे लोक त्यांच्या सह्यांचा व्यापार करू लागले, खोट्या सह्यांचा तर सुळसुळाट झाला, तेव्हा १९९४ च्या सुमारास त्यांनी मागेल त्याला सही देणंच थांबवलं. त्यामुळे कोणाच्या नावाविना केलेली त्यांची खरी सही अशा फोटोवर असेल तर किंमत लाखांत जाते. आमची ती नव्हे, हे तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. आणि लगेच आईला म्हणालात, ‘वहिनी, फोटो ह्यूस्टनचाच आहे, पाकीट खरं आहे आणि त्या मुलाच्या पत्राला आलेलं उत्तरही खरं आहे. शाळेत हे सगळं असंच लिहून लावा.’

आईने उठून देवघराजवळचं ते होलोग्रामवालं प्रमाणपत्र काढलं आणि रद्दीत टाकलं. तिला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या रात्री ती मला म्हणाली, ‘त्यांनी मला फसवलं नाही गं.’ खरं सांगायला धैर्य लागतं असं आपण म्हणतो. पण खरं कोणाच्या तोंडून आणि कोणत्या आवाजात येतं, त्यावर ते ऐकणाऱ्याला पेलतं की नाही हे ठरतं. ज्ञान पुष्कळांकडे असतं. त्या मुंबईच्या व्यापाऱ्यालाही हे यंत्राचं प्रकरण ठाऊक असणारच, त्याचा धंदाच तो. त्याने पाच मिनिटं दिली असती आणि नीट सांगितलं असतं, तर पुढे कोणाला आमच्याकडून फी उकळता आली नसती. माणसाला माणूस म्हणून वागवायला वेगळा खर्च येत नाही. तरी ते किती दुर्मीळ झालंय! सरकारी खिडकीवर असो, दवाखान्यात असो की दुकानात, समोरचा माणूस नीट बोलला की आपण घरी येऊन कौतुकाने सांगतो, इतकी ती नवलाई झाली आहे.

राकेश शर्मांच्या सहीपाशी तुमचा चेहरा खुलला. बॉलपेनची सही, भिंग तिरकं धरल्यावर कागदात उमटलेला दाब दिसत होता, हात धावलेला दिसत होता. ‘ही हाताची’ एवढंच म्हणालात. पण तुम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलात तो रवीश मल्होत्रांच्या फोटोपाशी, ज्याला बाजारात हसले होते त्याच्यापाशी. आईने तो प्रसंग सांगितला तेव्हा तुम्ही चिडलात. तुम्हाला चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. शर्मा आणि मल्होत्रा दोघंही हवाई दलाचे चाचणी वैमानिक, रशियातल्या स्टार सिटी या अंतराळवीरांच्या केंद्रात दोघांचं प्रशिक्षण सारखंच. ३ एप्रिल १९८४ ला बैकोनूरच्या प्रक्षेपण तळावरून एकच जण जाणार होता आणि दुसऱ्याने शेवटच्या क्षणापर्यंत तितकंच तयार राहायचं होतं. ‘अशा माणसाची सही जो जपून ठेवतो, त्याला या विषयातलं कळतं,’ असं तुम्ही अण्णांबद्दल म्हणालात. काका, अण्णांच्या छंदाबद्दल असं कोणी त्यांच्या हयातीत म्हणायला हवं होतं.

फायलीच्या शेवटी चाचणी वैमानिक सुरंजन दास यांचं पिवळं पडलेलं कात्रण होतं. ते नुसतं कात्रण, त्यावर सही नाही. तरी तुम्ही तेही वाचलंत आणि मला सांगितलंत की १७ जून १९६१ ला मरुत या भारतात बनलेल्या लढाऊ विमानाचं पहिलं उड्डाण यांनी केलं आणि १० जानेवारी १९७० ला मरुतचीच चाचणी घेताना ते गेले. आपल्याकडे क्रिकेटपटूकडे सही मागायला झुंबड उडते, पण चाचणी वैमानिकाकडे जाऊन कोणी वही पुढे करत नाही, हे तुम्ही खंतावून बोललात. मला तेव्हा हँगरमधले अण्णा आठवले. त्यांनी ती वही पुढे केली होती.

तुम्ही मानधन घेतलं नाहीत, गाडीभाडंही घेतलं नाहीत. प्रत्येक फोटोसाठी आम्लरहित कागदाची पाकिटं ठेवून गेलात. मागे कोणी काही लिहू नये म्हणून प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी केलीत, तीही मऊ पेन्सिलीने. आर्मस्ट्राँगच्या चिठ्ठीत यंत्राचा उल्लेख स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांना ती फार आवडली. या चिठ्ठीवरूनच सातवी-आठवीच्या मुलांना ऑटोपेनचा एक तास घेणार म्हणतात. काचेचं कपाट शाळेने स्वतःच्या खर्चाने करून घेतलंय, उन्हापासून लांब, तुम्ही सांगितलंत तसं.

जाताना तुम्ही एक प्रश्न विचारला होतात, त्याचं उत्तर सापडलंय. सोयुझ टी-११ चे कमांडर युरी मालिशेव यांची सिरिलिक, म्हणजे रशियन, अक्षरांतली सही असलेला तो यानातल्या तिघांचा फोटो अण्णांकडे आला कसा? आईला आठवत नव्हतं. परवा अण्णांच्या हिशेबाच्या जुन्या वह्या चाळताना १९८५ च्या मार्चमध्ये एक नोंद मिळाली: ‘द्राक्षं, एक पेटी. रशियन इंजिनियर साहेब, फोटोबद्दल.’ कारखान्यातले कोणी सोव्हिएत तज्ज्ञ रजेवरून परतताना तो घेऊन आले असणार. पानाचं छायाचित्र वेगळं पाठवते आहे. ही नोंद चिठ्ठीत कशी लिहायची ते कळवा. आईचं म्हणणं आहे की द्राक्षांचा उल्लेख राहिलाच पाहिजे.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
अण्णांची मुलगी, नाशिक