राणीची दूधशाळा: नखरे आणि गारवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत फ्रान्समधल्या राम्बुए इथल्या ‘राणीच्या दूधशाळे’चा फोटो पाहिला. खाली ओळ होती, ‘श्रीमंतांचे नखरे’. नखरे होतेच. सोळाव्या लुईने मारी आंत्वानेतसाठी ती १७८५ ते १७८७ मध्ये बांधून घेतली, सेव्ह्रच्या चिनी मातीच्या कारखान्यात दुधाची खास भांडी घडवली, आणि दोनच वर्षांत राज्यक्रांती झाली!

पण माझी नोकरी सगळी दूध संकलन केंद्रावर गेली. दुधाचा वैरी कोण, तर उष्मा. वीज गेली की आम्ही कॅनला ओलं गोणपाट गुंडाळायचो. त्या डोळ्यांनी ही इमारत बघा. बाहेरून देवळासारखी, दगडी. पहिलं दालन गोल, घुमटाखालचं; उजेड वरून, त्यामुळे तिरपं ऊन आत नाही. मधोमध संगमरवरी टेबल. पुढच्या दालनात तर खडकांची गुहाच रचलेली, तिच्यात पाणी खेळवायची सोय, आणि समोर शेळीसह अमाल्थिया, म्हणजे बाळ झ्यूसला शेळीच्या दुधावर वाढवणारी ग्रीक कथेतली वनदेवी. पिएर ज्युलियाँने घडवलेली मूळ मूर्ती आता लूव्र संग्रहालयात आहे. पाहुणे मूर्ती बघत असतील. मला दिसतात ते दगड, सावली आणि पाणी. आमच्या आजीचा माजघरातला कोपरा याच हिशेबाचा होता, फक्त वनदेवी नव्हती.

अर्थात राम्बुएला लोणी काढण्यापेक्षा चाखण्याचंच काम जास्त. कामाची दूधशाळा पाहायची तर इंग्लंडमधल्या विंडसरजवळच्या फ्रॉगमोरची. व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स आल्बर्ट याच्या पुढाकाराने १८५८ मध्ये झालेली, सजावट जॉन थॉमस यांची. भिंतींना मिंटन या इंग्रज कारखान्याच्या रंगीत टाइल्स, कारंजी, वर राणीच्या मुलांच्या चेहऱ्यांची उठावचित्रं. टाइल्सना कोणी शोभा म्हणो. चुन्याच्या भिंतीवर दुधाचे शिंतोडे उडाले की चार दिवसांत आंबूस वास धरतो, आणि तो कितीही घासला तरी जात नाही. टाइलवर ओला फडका फिरवला की झालं.

पुढच्या वेळी अशा इमारतीचा आतला नकाशाही छापा, ही विनंती. जमिनीला उतार कुठे दिलाय आणि धुण्याचं पाणी कुठून बाहेर काढलंय, ते मला बघायचंय.

आपला,
एक निवृत्त दूध पर्यवेक्षक,
भुदरगड, जि. कोल्हापूर