नाताळची कुटुंब-प्रार्थना यंदा आमच्या घरी, नेरूळला

ग्रुपमधील सर्व बंधुभगिनींना सलाम.

रविवार, २८ डिसेंबर, संध्याकाळी ६ वाजता. २५ला ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे असतात, म्हणून रविवार धरला. नाताळचे दिवस तसेही ६ जानेवारीपर्यंत असतातच.

या वेळी साक्ष द्यायची, म्हणजे देवानं वर्षभर कसं सांभाळलं ते सगळ्यांसमोर सांगायची, पाळी आमची. मार्चमध्ये मुलाची नोकरी गेली, जुलैत यांची बायपास झाली आणि ऑगस्टमध्ये, आम्ही डोक्याला हात लावून बसलेलो असताना, नात जन्मली. मुलाला आता महापेला काम मिळालंय. पगार कमी, पण रात्रपाळी नाही. हे रोज वंडर्स पार्कपर्यंत चालत जातात.

ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला धावलात तुम्ही, पंधरवडाभर डबे पोचवलेत तुम्हीच. त्यातले काही अजून आमच्याकडे आहेत. एकाच्या तळाला लाल नेलपॉलिशची खूण आहे, एकावर झाकण भलत्याच डब्याचं. ओळखून घेऊन जा. रिकामे देणार नाही, करंज्या भरून ठेवते.

बाकीच्यांनीही साक्ष द्यावी, पण थोडक्यात (गेल्या वर्षी पुलाव गार झाला!). यंदा ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांनी बोललंच पाहिजे असं नाही. नुसतं येऊन बसा.

बायबल आणि गायनाचं पुस्तक आणा, भेटवस्तू नकोत. ठाण्याहून येणाऱ्यांनी नेरूळ किंवा पनवेल लोकल पकडावी, वाशीची नको. रविवार आहे, मेगाब्लॉक बघून निघा. किती जण येणार ते शुक्रवारपर्यंत कळवा.